समुद्र चारशे किलोमीटर लांब, तरी वादळाचं पाणी आपल्या दारात

२६ सप्टेंबर २०२१ ची संध्याकाळ. आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ जमिनीवर आलं. परभणीपासून ती जागा सरळ रेषेत जवळपास पावणेआठशे किलोमीटर लांब. आपल्याकडे लोकांनी टीव्हीवर तिथली पडलेली झाडं पाहिली, 'अल्लाह रहम करे' म्हटलं आणि चॅनल बदललं. दुसऱ्या दिवशी बातम्यांतून वादळाचं नावही गेलं. वाऱ्याचा जोर ओसरला होता, त्यामुळे हवामान विभागाने त्याला चक्रीवादळ म्हणणं बंद केलं होतं. आणि नेमकं तेव्हाच, २७ आणि २८ तारखेला, त्याच वादळाचा उरलेला ढग तेलंगणातून मराठवाड्यावर आला आणि रिकामा झाला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, गावं पाण्यात गेली, लोकांना बोटींतून काढावं लागलं, काही जीव गेले. काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच सडलं.

तो ढग पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, तिथे पुन्हा जोर धरला, त्याला 'शाहीन' असं नवं नाव मिळालं आणि ३ ऑक्टोबरला तो ओमानवर जाऊन आदळला. म्हणजे ज्या घरातला मुलगा मस्कतला कामाला आहे आणि वालिदैन परभणीत, त्या घराला एकाच वादळाने दोन ठिकाणी गाठलं.

हे आठवण्याचं कारण असं की परभणीला समुद्र नाही, म्हणून चक्रीवादळाशी आपला संबंध नाही, हा समज अजून घट्ट आहे. कोकणचा किनारा आपल्यापासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि पूर्व किनारा त्याहून लांब. वारा इतक्या लांब टिकत नाही हे खरं. पण पाणी येतं. आणि ते एकदम येत नाही, एक-दोन दिवस आधी सांगून येतं. अडचण ही की ते कुठे सांगितलं जातं आणि त्याचा अर्थ काय, हे आपल्यापैकी बऱ्याच घरांना माहीत नसतं. म्हणून हा लेख.

नाव गेलं, पाणी राहिलं

अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात, जपानकडे टायफून म्हणतात, तेच आपल्याकडे चक्रीवादळ. आपल्या दोन्ही समुद्रांत त्याचे दोन हंगाम असतात : पावसाळ्याच्या आधी एप्रिल ते जून, आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की त्याला नाव दिलं जातं. ही नावं या भागातल्या १३ देशांनी आधीच सुचवून ठेवलेली आहेत. 'गुलाब' पाकिस्तानने दिलेलं, 'शाहीन' कतारने.

पण ६२ च्या खाली असलेल्या वादळाला नाव नसतं. त्याला बातम्यांत 'कमी दाबाचा पट्टा' किंवा 'डिप्रेशन' म्हणतात आणि ऐकणारा सोडून देतो. आपल्यासाठी खरा धोका बहुतेक वेळा हाच बिननावाचा पाहुणा असतो. १ सप्टेंबर २०२४ ला असंच एक डिप्रेशन पुन्हा कलिंगपट्टणमजवळच किनाऱ्यावर आलं. त्याला नाव मिळालं नव्हतं. त्याने आधी विजयवाडा बुडवलं आणि लगेच आपल्या जिल्ह्यात असा पाऊस पाडला की बहुतांश महसूल मंडळांत अतिवृष्टीची नोंद झाली.

तेव्हा जुलै ते ऑक्टोबर या काळात बातमीत 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र' आणि 'पश्चिमेकडे, वायव्येकडे सरकणार' ही दोन वाक्यं एकत्र ऐकली, तर टीव्ही बंद करू नका. विशाखापट्टणमच्या आसपास आज जे जमिनीवर येतं, ते आपल्याकडे साधारण उद्या-परवा पोहोचू शकतं. हा एक-दोन दिवसांचा वेळ फार मोठा आहे. सोयाबीन कापून शेतात पडलं असेल तर गंजी लावून ताडपत्री टाकायला तो पुरतो.

डोक्यावर ऊन, नदीला पूर

आपल्या जिल्ह्यात पाणी तीन वाटांनी येतं, आणि तिन्हींची खबर वेगवेगळ्या ठिकाणी मिळते.

पहिलं, डोक्यावर पडणारं. शहरातल्या सखल मोहल्ल्यांत, पिंगळगड नाल्याच्या आसपास, तुंबलेल्या गटारींच्या गल्ल्यांत हे तासाभरात घरात शिरतं. त्याची खबर हवामान विभागाकडून.

दुसरं, वरच्या धरणातून सोडलेलं. हे फसवं आहे, कारण आपल्याकडे ऊन पडलेलं असताना येतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस झाला की गंगापूर, दारणा ही नाशिककडची धरणं भरतात, ते पाणी नांदूर मधमेश्वरहून पैठणच्या जायकवाडीत उतरतं. अहिल्यानगरकडून भंडारदरा, निळवंडे, मुळा यांचंही पाणी तिथेच. जायकवाडी भरलं की गोदावरीत सोडतात, खाली माजलगाव धरणाचं पाणी सिंदफणेतून येऊन मिळतं, आणि मग पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या काठावर ते येतं. ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस या बंधाऱ्यांची नावं बातमीत आली की समजा, आपल्या हद्दीतल्या पाण्याबद्दल बोलणं चाललंय. ऑगस्ट २००६ चा गोदावरीचा पूर जुन्या लोकांना आठवत असेल. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून दोन लाख क्युसेकहून बरंच जास्त पाणी सोडावं लागलं, ते तर काल-परवाचं आहे.

जिंतूर आणि पूर्णेकडच्या लोकांनी मात्र जायकवाडीसोबत येलदरी आणि सिद्धेश्वर ही नावंही ऐकत राहावीत. पूर्णा नदीचं पाणी तिथून येतं. सेलू-मानवत भागात निम्न दुधनाचे दरवाजे.

तिसरं पाणी कुणीच सांगत नाही : फुगवटा. गोदावरी दुथडी भरली की तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांचं पाणी पुढे जाऊ शकत नाही आणि मागे फुगतं. नदीपासून लांब असलेल्या वस्तीत पाऊस नसताना ओढा चढायला लागतो. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते सांगतील तुमच्याकडे कोणत्या चिंचेपर्यंत पाणी आलं होतं. त्या चिंचेची खूण कोणत्याही अ‍ॅपमध्ये मिळणार नाही.

आता हा 'क्युसेक' काय? एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे २८ लिटरच्या थोडं वर. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला छतावरच्या हजार लिटरच्या साधारण २,८०० टाक्या रिकाम्या होणं. बातमीत विसर्गाचा आकडा वाचला की कालच्या आकड्याशी ताडून पाहा. २० हजाराचे ५० हजार झाले, ५० चे एक लाख झाले, तर नदी चढती आहे. आकडा किती, यापेक्षा तो कोणत्या बाजूला चाललाय हे जास्त महत्त्वाचं.

रंग आणि आकडे

हवामान विभाग जिल्ह्याला चारपैकी एक रंग देतो. हिरवा म्हणजे काही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. आपल्याकडे पिवळा इतक्या वेळा येतो की लोक हसतात, हे आम्हालाही कळतं. पण नारंगीला तरी हसू नये. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटरला हवामान विभाग 'जोरदार' म्हणतो, त्याच्या पुढे २०४.४ पर्यंत 'अति जोरदार' आणि त्याच्याही पुढे 'अत्यंत जोरदार'. महसूल खातं ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की त्या मंडळात अतिवृष्टी धरतं, आणि नुकसानीचे पंचनामे पुढे याच नोंदीवर उभे राहतात. ६५ मिलिमीटर म्हणजे किती? एका एकरावर दहा हजार लिटरचे २६ टँकर ओतल्यासारखं.

मराठवाड्याचे अंदाज हवामान विभागाच्या मुंबई केंद्रातून निघतात. परभणीकरांना आणखी एक सोय घराजवळ आहे : वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान आणि शेतीचा सल्ला मराठीत निघतो. शेती नसली तरी तो वाचावा, कारण त्यात पुढच्या काही दिवसांचा पाऊस जिल्हावार दिलेला असतो. मोबाइलवर 'मौसम', शेतकऱ्यांसाठी 'मेघदूत', विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेलं 'दामिनी', आणि सरकारी इशाऱ्यांसाठी 'सचेत' ही अ‍ॅप मोफत आहेत. आमचं मत विचाराल तर घरातल्या एका फोनवर 'दामिनी' आणि 'सचेत' एवढी दोन पुरे. चार अ‍ॅप टाकली की एकही उघडलं जात नाही.

२०२३ मध्ये अनेकांचे फोन एकाच वेळी मोठ्या आवाजात वाजले होते आणि पडद्यावर संदेश आला होता, आठवतं? काहींनी घाबरून फोन बंद केला. ती सरकारची चाचणी होती. असा इशारा इंटरनेट नसतानाही येतो, टॉवरच्या हद्दीतल्या फोनवर येतो. पुढे खऱ्या संकटात तो वाजला तर आधी वाचा, मग बंद करा.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. दर पावसाळ्यात 'धरण फुटलं' असा व्हिडिओ फिरतो, बहुतेक वेळा तो दुसऱ्या वर्षीचा, कधी दुसऱ्या देशाचाही असतो. आमच्या ओळखीतल्या एका घराने अशाच मेसेजवर भर पावसात रात्री म्हातारी अम्मी आणि लहान मुलांना घेऊन गाडी काढली होती. घर सुरक्षित होतं, रस्ता नव्हता. नशिबाने वाटेत एका ट्रकवाल्याने अडवलं. मेसेजवर तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्या कार्यालयाचं नाव नसेल, तर तो पुढे ढकलू नका, तोंडी सांगूही नका. शंका असेल तर १०७७ ला, म्हणजे जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करून विचारता येतं.

मशिदीचा माईक

आपल्या मोहल्ल्यात सगळ्यात लांब पोहोचणारा आवाज मशिदीचा असतो. बांगलादेशात हे फार आधी ओळखलं गेलं. तिथे १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन लाखांहून जास्त माणसं गेली असं मानलं जातं. त्यानंतर गावोगाव स्वयंसेवक उभे केले, मेगाफोन दिले, मशिदींच्या माईकवरून इशारे देणं सुरू झालं, निवारे बांधले. १९९१ च्या वादळात पुन्हा १ लाख ३८ हजारांच्या आसपास लोक गेले, पण २००७ च्या 'सिद्र'मध्ये हा आकडा तीन-चार हजारांवर आला आणि २०२० च्या 'अम्फान'मध्ये तिथले मृत्यू काही डझनांत राहिले. वादळं कमी झाली नाहीत. सांगणारे आणि ऐकणारे वाढले.

१९९१ ची एक गोष्ट मात्र आपल्या घरांनी नीट ऐकावी अशी आहे. त्या वादळात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या. कारणं शोधली तेव्हा कळलं : घरचा माणूस येऊन सांगेपर्यंत अनेकजणी बाहेर पडल्या नाहीत, निवाऱ्यात परक्या पुरुषांत कसं बसायचं हा संकोच होता, वेगळी जागा आणि संडास नव्हते. आता तिथल्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत.

आपल्याकडे शाळेत किंवा मंगल कार्यालयात लोकांना हलवतात तेव्हा हाच प्रश्न येतो, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. घरातला कर्ता बाजारात किंवा मुंबईत असेल तर खाला-चाचींनी त्याच्या फोनची वाट पाहायची का? आमचं म्हणणं, हे पावसाळ्याआधीच घरात बोलून ठरवा : पाणी अमुक पायरीला लागलं की कुणालाही न विचारता निघायचं, आणि अमुक घरी जायचं. आणि मशीद कमिटीने आपल्या भागातल्या निवाऱ्याची जागा आधीच पाहून ठेवावी. बायकांसाठी वेगळी खोली, दाराला कडी, संडासात दिवा, एवढं असलं तरी अनेकजणी रात्री निघायला तयार होतील.

माईकबद्दल अलीकडे कमिट्या धास्तावलेल्या असतात, तेही समजतं. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही, हा नियम आहेच. पण ध्वनी प्रदूषण नियम २००० मध्येच सार्वजनिक आपत्तीचा अपवाद लिहिलेला आहे. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर कमिटीने पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन पोच घ्यावी : पूर-अतिवृष्टीत प्रशासनाने दिलेली सूचना आम्ही माईकवरून सांगू. सूचना उर्दू-दखनीसोबत मराठीतही द्या. शेजारच्या वस्तीतल्यांनाही तेच पाणी लागणार आहे.

जोरदार पावसात जमातीला जायलाच हवं का, हाही प्रश्न दरवर्षी येतो. पावसाच्या दिवशी अजानमध्येच लोकांना घरी नमाज पढायला पुकारल्याची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. तपशील आपल्या इमामसाहेबांना विचारा, पण कमरेएवढ्या पाण्यातून मशिदीकडे निघालेल्या बुजुर्गांना थांबवताना ही गोष्ट सांगता येते.

आणखी एक : इस्लामी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, त्यामुळे पुढची काही वर्षं मिलादचे जुलूस पावसाळ्यातच येणार. लोखंडी पाइपाला लावलेला उंच झेंडा, ट्रकवर उभी मुलं आणि वर लोंबणारी विजेची तार, हे तीन एकत्र आले की काय होतं ते सांगायला नको. झेंड्याला बांबू वापरा, ट्रकची उंची आधी मोजा, ढग गडगडले की जुलूस थांबवा.

ट्रंकेतले कागद

पुरात भांडी वाहून गेली तर परत घेता येतात. कागद गेला की वर्षानुवर्षं चपला झिजतात, आणि आपल्या समाजात आज कागदाची काळजी किती आहे हे वेगळं सांगायची गरज नाही. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत एक खास गोष्ट असते : निजामकाळातले उर्दू कागद. आजोबांची सनद, जमिनीचे जुने उतारे, कधी शाळेचा दाखला. ते लोखंडी ट्रंकेत, पलंगाखाली, म्हणजे पाणी सगळ्यात आधी जिथे पोहोचतं तिथे ठेवलेले असतात.

हे एक काम पुढच्या सुट्टीच्या दिवशी करा. आधार, रेशनकार्ड, जन्मदाखले, टीसी, निकाहनामा, सातबारा, घराची नोंद, बँक पासबुक आणि जुने उर्दू कागद, सगळे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करून छताजवळच्या फळीवर ठेवा. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाकडे पाठवा. आधार, गुणपत्रिका वगैरे डिजिलॉकरमध्ये काढली तर ती कायद्याने मूळ कागदासारखीच चालतात. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो. पण निजामकाळचा कागद एकदा विरघळला की विरघळला. निकाहनाम्याची दुसरी प्रत काझीसाहेबांच्या रजिस्टरवरून मिळते, मात्र ते रजिस्टर कोरडं राहिलं तर. मशिदीची वक्फ नोंदणी, कब्रस्तानाचे कागद, मदरशाचे दाखले कोणत्या कपाटाच्या तळाला आहेत ते कमिटीने एकदा उघडून पाहावं.

कागद भिजलाच, तर सोलून वेगळे करू नका, उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच नको. सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात, मध्ये कोरे कागद घालून हळूहळू सुकू द्या.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. घर पडल्याची मदत मालकाला मिळते, पण कपडे आणि भांड्यांची मदत तिथे राहणाऱ्या कुटुंबाची असते. करारनामा नसेल तर त्या पत्त्याचं रेशनकार्ड किंवा गॅसचं पुस्तक तरी असावं.

वीज, पूल आणि मातीची भिंत

मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं जातात. निंदणीला, कापूस वेचायला, सोयाबीन काढायला गेलेल्या मजूर बायका, बकऱ्या चारायला नेलेली मुलं. दुपारनंतर आभाळ भरून आलं, चमक दिसली आणि तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. झाडाखाली उभं राहू नका, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि तरी पाऊस आला की सगळे झाडाखालीच जातात. उघड्यावर अडकलात तर एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका. ज्याच्यावर वीज पडली त्याच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं लगेच सुरू करा आणि १०८ ला फोन लावा. त्या पहिल्या काही मिनिटांत माणूस परत येऊ शकतो.

पुलावरचं पाणी. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी पाय उचलतं, एक फुटात छोटी कार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. कमी उंचीच्या पुलावर मोटारसायकल घालणारा प्रत्येकजण रस्ता ओळखीचा आहे म्हणूनच घालतो. पण खालची फरशी रात्रीतून वाहून गेली असेल तर ते वरून दिसत नाही.

धाब्याच्या, मातीच्या घरांबद्दल लोकांना वाटतं की पाऊस उघडला म्हणजे सुटलो. तसं नाही. चार दिवस पाणी पिऊन जड झालेलं माळवद आणि भिजलेली भिंत ऊन पडल्यावरही खाली येते, बहुतेक वेळा रात्री, माणसं झोपलेली असताना. भिंतीला नवी भेग दिसली, वरून माती झडायला लागली, दार अचानक अडकायला लागलं, तर त्या रात्री त्या खोलीत झोपू नका. पाणी घरात येण्याआधी मेन स्विच बंद करा. डीपीजवळ, ताणतारेजवळ मुलांना जाऊ देऊ नका. तार तुटली असेल तर १९१२ ला कळवा. पूर उतरल्यावर आठवडाभर पाणी उकळून प्या, बोअरचंही. बिळं बुडाल्याने साप घरात येतात. चावला तर सरळ सरकारी दवाखान्यात न्या, सापाचं औषध तिथे मिळतं. दम करायचा असेल तर गाडीत बसल्यावर करा, पण गाडी आधी निघू द्या.

मयत, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम

हा भाग लिहायला जड जातो, पण यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही आणि त्याची किंमत बेवा आणि यतीम मुलं मोजतात.

वीज पडून, पुरात वाहून किंवा भिंत पडून कुणी गेलं, तर राज्य आपत्ती निधीतून वारसांना ४ लाख रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल लागतो. आपल्यात मय्यतीला उशीर नको, देहाची चिरफाड नको, ही भावना खोल आहे. म्हणून अनेक घरं पोलिसांना न कळवता संध्याकाळच्या आत दफन उरकतात. दोन महिन्यांनी तलाठी कागद मागतो तेव्हा हातात काहीच नसतं. कब्र उघडायला कोण तयार होईल?

अशा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये ते आहे. तेव्हा पोस्टमॉर्टेम टाळण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ते लवकर व्हावं यासाठी धावपळ करा. लगेच पोलीस पाटील आणि ठाण्याला कळवा, वेळ न घालवता देह ग्रामीण रुग्णालयात न्या, कमिटीतला एक जाणता माणूस तिथे डॉक्टरांशी बोलायला थांबवा. मयत स्त्री असेल तर महिला डॉक्टर आहेत का, हे विचारा, विनंती करायला हरकत नाही. शरियतच्या बाजूने मनात शंका असेल तर ती आजच आपल्या उलेमांकडून समजून घ्या, घरात मय्यत असताना नव्हे.

जनावरांचंही तसंच. २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, मेंढी-बकरीला ४,००० असे दर आहेत. पण जनावर पुरण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला कळवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. घरात चिखल भरला असेल तर झाडू लावण्याआधी चारही भिंतींचे फोटो घ्या, पाण्याची रेघ दिसेल असे. स्वच्छता पाकी खरीच, पण इथे ती फोटोनंतर.

पंचनाम्यावर सही करताना वाचून घ्या. मराठी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या, आणि भिंत, धान्य, शिलाई मशीन, बकऱ्या सगळं लिहिलंय का ते पाहा. पंचनाम्याचाही फोटो काढा. मदत नंतर कमी आली तर हाच फोटो तहसीलमध्ये दाखवता येतो.

नंबर घराच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : ११२ पोलीस आणि तातडीची मदत, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्ष, १०७० राज्याचा कक्ष, १९१२ वीज. फोन लागला की आधी गाव आणि तालुका सांगा, मग जवळची खूण, मग किती माणसं अडकलीत आणि त्यात लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस आहे का. रडणं नंतर, कारण पुरात फोन अर्ध्यात कट होतो.